हळद-मीठ लावलेले डोळे

डॉ. अर्जुना शिणगारे यांनी डबा उघडला. बर्फावर ठेवलेले बोकडाचे दोन डोळे वर बघत होते, आणि दोन्ही पिवळेधमक होते.

बाई मूळच्या आष्ट्याच्या, सांगलीच्या एका मेडिकल कॉलेजात औषधशास्त्राच्या प्राध्यापक. आईला काचबिंदू होता. थेंब चुरचुरतात म्हणून आईनं ते गुपचूप तुळशीच्या कुंडीत टाकले. तुळस फोफावली, आईचा एक डोळा गेला. तेव्हापासून सोळा वर्षं बाई एकाच गोष्टीच्या मागे होत्या: औषध चौथा हिस्सा, म्हणजे चुरचुर कमी, पण काम पुरं. लग्नाकार्यात लोक त्यांना टाळत, कारण त्या समोरच्याचा चेहरा सोडून डोळ्यांच्या बाहुल्याच न्याहाळत.

प्रयोग साधा होता. बोकडाच्या बुबुळातला स्नायू कोमट मिठाच्या पाण्यात टांगायचा आणि औषध सोडायचं. स्नायू आखडला की पडद्यावरची रेघ वर चढते. मात्र बोकड कापल्यापासून चार तासांत स्नायू पाण्यात जायला हवा, नाहीतर तो मेला.

आज ती रेघ बघायला साताऱ्याहून संशोधनाचे परीक्षक डॉ. जयराज महाडिक निघाले होते. बाईंच्या निष्कर्षांवर 'विश्वास बसत नाही' असा शेरा मारणारे हेच. रेघ हलली नाही तर संशोधन बंद आणि खोली कॉलेजच्या उपाहारगृहाला. आचारी कालच येऊन भट्टीसाठी माप घेऊन गेला होता.

बाईंनी मटणवाल्या लियाकतभाईंना फोन लावला.

"भाई, डोळ्यांना काय लावलंय?"

"हळद-मीठ! आज पावणं येनार म्हनला न्हवं? आमच्या सुगराबीनं सोत्ता चोळलंय. सोळा वरसं परयोगाला कच्चंच न्हेताय, पर पावण्याम्होरं तसंच ठेवायचं म्हंजी आमालाच कसंतरी वाटतं."

"अहो, मेला तो स्नायू! दुसरे डोळे द्या."

"श्रावण हाय म्याडम. सात वाजता दोनच बोकडं कापली. दुसऱ्याची मुंडी नाथाजी सुभेदारानं न्हेली. मिल्ट्रीतला मानूस, त्येला कसला श्रावण!"

"भाजली असेल का हो?"

"जातो बघाया. फोन चालूच ठेवतो."

पुढचं सगळं बाईंनी लियाकतभाईंच्या खिशातून ऐकलं. आधी स्कूटर, मग भुंकणारी कुत्री, मग जाळाची तडतड.

"सुभेदार, मुंडी जाळावरनं काढा!"

"आत्ताच तर धरलीया. का रं?"

"डोळं पायजेत, म्याडमला."

"चल हट! डोळ्याबिगर मुंडी घ्यायची कशापायी?"

बाईंनी फोन कानाला घट्ट दाबला.

"सुभेदार, तुमी डोळ्यांत थेंब घालता न्हवं? कसं वाटतं?"

"मिरची घातल्यावानी. रोज शिव्या देतो."

"ती मिरची काढायलाच म्याडम सोळा वरसं डोळं न्हेत्यात."

जाळाची तडतड थांबली. मग सुभेदार खाकरले. "डावा भाजला. उजवा ऱ्हायलाय. सगळी मुंडीच न्हे, पर माघारी आन गड्या. मसाला वाटतोय."

लियाकतभाई मुंडी घेऊन कॉलेजात पोचले तेव्हा पावणेअकराला पाच मिनिटं होती. महाडिक खुर्चीत घड्याळ बघत बसले होते.

"उशीर का?"

काहीतरी थाप मारावी असं बाईंच्या मनात आलं. पण त्या म्हणाल्या, "पहिल्या डोळ्यांना हळद-मीठ लागलं होतं, सर."

महाडिकांनी न हसता ते वहीत टिपून घेतलं.

बाईंनी उजव्या डोळ्यातल्या स्नायूचे दोन तुकडे केले. एकाला पूर्ण औषध, दुसऱ्याला चौथा हिस्सा. पहिली रेघ लगेच वर गेली. दुसरी सरळ आडवी. एक मिनिट गेलं, दोन गेली. महाडिकांनी पेनाचं टोपण काढलं. बाईंना भट्टीची धग जाणवायला लागली.

तिसऱ्या मिनिटाला रेघ थरथरली. मग हळूहळू चढली, पहिलीच्या बरोबरीला आली आणि तिथंच ठाण मांडून बसली. महाडिक चाळीस मिनिटं जागचे हलले नाहीत. समोरच्या चहावर साय धरली.

"तो शेरा मी खोडतो," ते शेवटी म्हणाले. "आणि त्या आचाऱ्याला दुसरी खोली बघायला सांगा."

बाईंनी तो गार चहा उचलून स्वतःच पिऊन टाकला.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. "म्याडम, आटपलं का?" लियाकतभाई कुजबुजले. "सुभेदारांचा चौथा फोन हाय. मुंडी तरी द्या."