आईला दिलेली गुटी

“आधी दोरी बघायची, मग दार वाजवायचं,” असं म्हणत आमच्या ताई चाळीच्या तोंडाशीच थांबायच्या. पदराने मान पुसता पुसता त्यांची नजर वाळत घातलेल्या कपड्यांवरून फिरायची. लंगोट दिसले म्हणजे बाळ इथेच आहे. गाऊन दिसला म्हणजे आईही आहे. नऊवारी दिसली की सासू घरात, तेव्हा जपून बोलायचं. तुम्हीआम्ही रोज अशा कितीतरी दोऱ्यांखालून जातो, आणि आपल्याला दिसतात ते फक्त ओले कपडे.

गरोदरपणात एचआयव्हीची लागण असलेल्या आयांची बाळं त्या लागणीपासून कशी वाचतात, आणि जी वाचत नाहीत ती का, याचा अभ्यास आमचा प्रकल्प करत होता. ठाण्याला, नौपाड्यात एका दवाखान्याच्या वर आमच्या दोन खोल्या. एकीत डॉक्टर मॅडम, दुसरीत मी आणि माझा संगणक. मी आकड्यांचा माणूस. ठाण्यापासून आंबिवलीपर्यंत फिरून त्या आयाबाळांची खबर आणायचं काम ताईंचं. त्यांचं नाव मी सांगणार नाही. ज्या बाईने एवढ्या जणींची नावं पोटात ठेवली, तिचं नाव आपण छापावं हे काही बरं दिसत नाही.

तपासणीला न आलेल्या बायकांपुढे मी यादीत ‘संपर्क तुटला’ असं लिहायचो. ताई चष्मा कपाळावर सरकवून ती यादी वाचायच्या आणि माझी फिरकी घ्यायच्या.

“काय हो आकडेवाले, हिचा कुठे तुटला संपर्क? पहिलटकरीण आहे, सातवा सरला. माहेरी गेली असेल.”

“फोन लागत नाही, ताई.”

“नाही लागणार. गावाला रेंज कुठेय? सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन येते बघा.”

आणि बहुतेक वेळा ती यायची. तोवर ताईंनी तिच्या माहेराजवळचं सरकारी रुग्णालय हुडकून, तिथल्या नर्सशी बोलून, बाळाच्या सुरुवातीच्या औषधाची सोय लावलेली असायची. मी मुकाट्याने यादी दुरुस्त करायचो.

पण माझं नाक खरं कापलं गेलं ते गुटीपायी. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यायचं असा मॅडमचा आग्रह. त्यात वरचं काही मिसळलं की कोवळ्या आतड्याला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते, असं त्या समजावायच्या. म्हणून मी प्रश्नावलीत विचारलं होतं, ‘बाळाला आईच्या दुधाशिवाय दुसरं काही खायला-प्यायला देता का?’ झाडून सगळ्यांचं उत्तर ‘नाही’. मी खूश. ताईंनी तो कागद पाहिला आणि पोट धरून हसल्या.

“अहो, असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? चला माझ्याबरोबर.”

त्या दिवशी कल्याणला एका घरी त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, टाळूवरून हात फिरवला आणि सहज विचारलं, “बाळ छान आहे हो अंगाने. गुटी कोण उगाळतं तुमच्याकडे?”

“सासूबाई. रोज, आंघोळ झाल्यावर,” ती मुलगी कौतुकाने म्हणाली. हिनेच मला आदल्या आठवड्यात ‘नाही’ सांगितलं होतं. ती खोटं बोलली नव्हती. गुटीला आपल्याकडे कोण खाणं म्हणतं? माझा अख्खा रकाना बाद झाला आणि मॅडमनी प्रश्नावली नव्याने लिहायला घेतली. मी दोन दिवस ताईंशी धड बोललो नाही. राग त्यांचा नव्हता, माझाच होता.

आता आंबिवलीच्या त्या मुलीची गोष्ट. पहिलंच बाळंतपण. तिची लागण तिला आणि तिच्या नवऱ्याला माहीत होती, सासूला नव्हती. निदान आम्ही तसं समजत होतो. मुलगी सासूला इतकी घाबरायची, की गोळ्यांची डबी तांदळात लपवायची. “आईंना कळलं तर मला घरात ठेवणार नाहीत. बाळाला पण हात लावू देणार नाहीत,” ती ताईंना म्हणाली होती. म्हणून ताई त्या घरी जायच्या त्या बाळाच्या वाढीची नोंद करणाऱ्या बाई म्हणून. नोंद त्या खरोखरच करायच्या. खोटं त्यांना आवडत नसे; खरं तेवढं त्या निवडून सांगायच्या.

अडचण अशी, की सासूबाई गुटीत पटाईत. हळकुंडाचे दोन वेढे, वेखंडाचा एक, बाळाचं पोट बघून सुंठ कमीजास्त. सून गप्प. गुटी नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागणार. बाळ पंधरा दिवसांचं, आणि रोज सकाळी सहाण खाली निघत होती.

ताईंनी आधी मॅडमना विचारून घेतलं आणि मग आंबिवली गाठली. सासूबाईंच्या शेजारी मांडी घालून बसल्या.

“मावशी, तुमच्या हाताला गुण आहे. पण डॉक्टर म्हणतात, सहा महिने गुटी बाळाला नको, बाळाच्या आईलाच द्या. आईच्या दुधातून बाळाला पोचेल.”

सासूबाईंनी क्षणभर ताईंकडे रोखून पाहिलं. मग म्हणाल्या, “खरंय. बाळंतीण खाईल तेच बाळाला लागतं.”

पुढचे सहा महिने ती मुलगी रोज सकाळी तोंड वेडंवाकडं करत गुटी गिळत होती. हे ऐकून मी हसलो, पण मनात किंतू होताच.

“ताई, ही तर थाप झाली.”

“थाप कशी? आईने औषध घेतलं की बाळ वाचतं, हेच तर तुम्ही लोकं शोधताय ना?” त्या म्हणाल्या. “औषध कुठलं, एवढंच मी मावशींना सांगितलं नाही.”

 

बाळाच्या मधल्या तपासण्या चांगल्या आल्या. राहिली अठरा महिन्यांची शेवटची. तिच्यासाठी बाळाचं रक्त घेतलं गेलं, आणि निकाल येण्याच्या चार दिवस आधी ताई गेल्या. दुपारी डोंबिवलीच्या घरी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. हृदयविकार, डॉक्टर म्हणाले. मला रडू आलं नाही, संताप आला. एवढी कसली घाई?

निकालाच्या दिवशी ती मुलगी नौपाड्याला आली, आणि बाळाला कडेवर घेऊन सासूबाईही. मॅडमनी मुलीला आत बोलावलं. सासूबाई माझ्यासमोरच्या बाकावर बसल्या. बाळ माझ्या टेबलावरचा स्टेपलर ओढत होतं.

“त्या बाई नाही आल्या?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी बाळाला स्टेपलरपासून ओढून छातीशी घेतलं.

“मला ठाऊक होतं हो, भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या. “सुनेच्या गोळ्या कसल्या ते. तांदूळ निवडताना डबी हाताला लागली. शेजारच्या पोराकडून नाव वाचून घेतलं, आणि मेडिकलवाल्याला विचारलं.”

“मग बोलला नाहीत?”

“काय बोलणार? ती घाबरलेली, मी पण घाबरलेले. त्या बाईंनी गुटीचं सांगितलं तेव्हा वाटलं, बरं झालं. माझ्या हाताला काम राहिलं आणि पोरीचं गुपितपण राहिलं. एकदा त्यांना सांगायचं होतं. राहून गेलं.”

ताईंना हे कळलं होतं का? सासूबाईंची ती रोखलेली नजर त्यांनी वाचली नसेल, असं मला वाटत नाही. पण त्या कधी बोलल्या नाहीत.

इतक्यात दार उघडलं. मुलगी बाहेर आली. डोळे भरलेले, पण चेहरा असा उजळला होता की निकाल विचारायची गरजच नव्हती. बाळाला लागण नव्हती. सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं, बाळाला कडेवर चढवलं आणि उठल्या.

“चल गं, लवकर निघू. रात्रीची तुझी गोळी चुकायला नको.”

मुलगी होती तिथेच उभी राहिली. सासूबाईंनी मोकळ्या हाताने तिचा दंड धरला आणि दोघी जिना उतरून गेल्या.

पुढे त्या घरात काय बोलणं झालं, हे मला फार जाणून घ्यायचं आहे. ते काढून आणणारी एकच बाई होती.