कोंडलेला किल्लीवाला

माझा मामा किल्ल्या बनवायचा. चाळीस वर्षं जिन्याखालच्या टीचभर दुकानात बसून त्याने सगळ्या वस्तीची कुलपं उघडली. पण मालकाने समोर उभं राहून सांगितल्याशिवाय एकही नाही. एकदा एक नवरा बायकोचं कपाट उघडून मागायला आला. मामाने त्याला पाणी दिलं आणि म्हणाला, "त्यांना घेऊन या, मी बसलोय." सकाळी दुकान उघडलं की तो दहा मिनिटं डोळे मिटून बसायचा. देवाकडे काय मागतोस, असं विचारलं तर म्हणायचा, "मागत नाही. आज खोटं बोलणार नाही आणि कुणावर बळजबरी करणार नाही, एवढं सांगतो त्याला." आम्ही भाचरं हसायचो.

मग त्याचं हृदय दगा देऊ लागलं. तपासण्या झाल्या आणि त्याचा मुलगा जाम घाबरला. हा माझा मामेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो. स्वभावाने अगदी गरीब गाय, पण घाबरलेला माणूस काय करील याचा नेम नाही. "डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला मनाई केलीय," असं त्याने मामाला ठोकून दिलं. मामा ऐकेना, तेव्हा कामाला जाताना बाहेरून दार बंद करून किल्ली घेऊन जाऊ लागला आणि वर म्हणाला, "बाबा, लॅच बिघडलंय, आतून उघडत नाही."

हे सांगितलं कुणाला? किल्लीवाल्याला! मला कळलं तेव्हा हसावं की कपाळ बडवून घ्यावं, ते समजेना.

नवव्या दिवशी मी गेले, तर मामा खिडकीशी पेपर वाचत बसलेला.

"लॅच खरंच बिघडलंय?" मी बाहेरून विचारलं.

"छे! लोण्यासारखं फिरतं. रोज ऐकतो ना."

मी केसातली पिन काढून गजांतून पुढे केली. "किती वेळ लागेल?"

"नाक शिंकरायला लागतो तेवढा. ठेव ती केसात."

माझं डोकंच फिरलं. "स्वतःच्या घरात कसली आलीत तत्त्वं, मामा?"

"मी उघडलं तर तो उद्या मोठं कुलूप आणेल आणि परवा त्याहून मोठी थाप मारेल. त्याने कोंडलंय, त्यानेच उघडायला हवं. आठ दिवस वाट पाहिली, आपणहून बोलेल म्हणून. आज मीच बोलणार आहे. तू थांब जरा, मला धीर हवाय."

मामालाही धीर लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी दादा आला. मामाने आतूनच हाक मारली. "किल्ली लावायच्या आधी ऐक. लॅच चांगलं आहे, तुलाही माहीत आहे. औषधं मी घेतोय, पुढेही घेईन. पण कुठे जायचं, कुठे बसायचं, ते मी ठरवणार. मला बाहेर यायचंय. उघडतोस?"

दादा किल्ली हातात धरून तसाच उभा. "बाबा, रस्त्यात काही झालं तर?"

"तर रस्त्यात होईल."

दादाने दार उघडलं. मामा चपला घालून तयारच होता. म्हणाला, "आधी डॉक्टरांकडे. काय विचारायचं ते माझ्यासमोर विचार."

दवाखाना दोन गल्ल्या सोडून. मामा वाटेत तीनदा दम खायला थांबला, पण पोहोचला. डॉक्टरीणबाई दादावर उखडल्याच. "अंथरुणात? मी तर यांना रोज चालवा म्हणाले होते!" दादाची मान खाली.

"आणि किती दिवस उरलेत, तेही सांगा," मामा म्हणाला. "याला सांगितलं असणार तुम्ही."

बाईंनी दादाकडे पाहिलं, मग मामाकडे. "वर्षभर. फार तर दीड."

मामा मग दादाकडे वळला, आवाज न चढवता.

"हे तुला ठाऊक होतं. आणि त्यातले नऊ दिवस तू कुलपात घातलेस?"

दादा लहान मुलासारखा ढसाढसा रडला. मामाने त्याला पोटभर रडू दिलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून तो उठला.

"चल, दुकानापर्यंत सोड मला. घाबरायचंच असेल तर बरोबर चालत घाबर."