तांब्याभर पाणी कुठं जायलंय

मामाची गाडी कशी चालती ते मी तोंडानं करून दाखवायचो. ओठ सैल सोडायचे, गालात हवा धरायची, आन् काटा चाळीसच्या पुढं गेला की बुडाखालून जशी थरथर निघायची तशी काढायची. मग लगेच मामाचा चेहरा करायचा. मान ताठ, डोळे समोर, जसं काय झालंच न्हाई. मानवतच्या चौकातली पोरं हसून हसून खाली बसायची. शाळेत असताना मी हेडमास्तरची नक्कल करायचो, पण तिला एवढी मागणी कधीच नव्हती.

मामाचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. धंदा मोटारी भरायचा. बोअरची, विहिरीची जळालेली मोटार द्या, तार नवी भरून मिळती. हात लय चांगला. पण मोटारी शेतात आन् मामा दुकानात. स्टार्टर बघायला जायचं तर कुणाच्या तरी फटफटीवर मागं बसावं लागायचं, आन् ते कुणीतरी म्हणजे बहुतेक मीच. मी झोपलेलो असलो की मामाचं गिऱ्हाईक ताटकळायचं.

मग कुणीतरी सांगितलं, बिगर क्लचची गाडी असती, डाव्या पायाला कामच नसतं. मामानं पुण्याकडून एक जुनी ऑटोमॅटिक आणली. जुनी म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाची. पहिल्याच आठवड्यात मामा एकटा सोनपेठला जाऊन आला. काम काहीच नव्हतं. बाजारात भजे खाल्ले आन् आला.

मामी म्हणली, "सांगून तर जावं मानसानं."

मामा म्हणला, "पंचेचाळीस वर्षं सांगूनच गेलो की."

बॉनेटमधी वाकायला मामाला जमायचं न्हाई. म्हणून पाणी-तेल बघायचं माझ्याकडं. आमच्याकडं रेडिएटरमधी काय टाकतेत? बोअरचं पाणी. ट्रॅक्टरला तेच, जीपला तेच. गाडी विकणाऱ्यानं हिरवं कूलंट टाका म्हणून बजावून सांगितलं होतं, तर मी त्याची पुणेरी नक्कल करून मामाला हसवलं आन् बोअरची नळी लावली. आमच्या बोअरचं पाणी असं, की बादलीला आतून पांढरा थर चढतो. डाळ शिजत न्हाई त्याच्यात. गाडीला मात्र चालतंय असं आमी सगळेच धरून चाललेलो.

पावसाळ्यानंतर पाणी कमी व्हायला लागलं. रोज सकाळी गार गाडीचं झाकण उघडायचं, तांब्याभर टाकायचं. खाली फरशीवर एक थेंब न्हाई. झाकणाला आतून सायीसारखं काहीतरी चिकटलेलं. बोटानं पुसलं, पँटला पुसलं, झाकण लावलं. पाणी कुठं जायलंय हे मी इचारलंच न्हाई. तांब्याभर पाण्याचा हिशोब कोण ठेवतो?

त्याच महिन्यात थरथर सुरू झाली. मानवतच्या मेकॅनिकनं इंजिन ज्याच्यावर बसतं ते माउंटिंगचं रबर बदललं. फरक शून्य. मग मामा म्हणला, गिअरचं तेल बघ. ते गाडी गरम करून, चालू ठेवूनच बघावं लागतं. मामा आत बसला, मी तेल मोजायची काडी ओढली. हे तेल लाल असतं एवढं मला माहीत होतं. काडीवर गुलाबी आलं. दाट, दुधाळ, बारीक बुडबुडे असलेलं.

मामानं आतून इचारलं, "कसं हाय रे?"

मी ओरडलो, "एक नंबर! रमजानचं गुलाब-सरबत हाय, गिलास आणा!"

मामा हसला. मी काडी पुसून परत घातली.

त्याच्यानंतर मामा महिनाभर ती गाडी चालवत होता. गाडी गिअरला टाकली की दोन-तीन सेकंद इचार करायची, मग झटका देऊन निघायची. मी तो झटकाबी नकलेत घेतला.

एक दिवस परभणी रोडवर इंजिन नुसतं ओरडायला लागलं आन् गाडी जागेवरच. टोचन लावून परभणीला नेली. तिथं ऑटोमॅटिकला हात लावणारे एक म्हातारे मिस्त्री हायेत. मामा बाजूला खुर्चीवर बसला.

मिस्त्री म्हणले, "बंद पडायच्या आधी काय करायची?"

मी म्हणलं, "चाचा, करूनच दाखवतो." आन् दाखवली. गॅरेजमधले दोघं-तिघं खो-खो हसले. चाचा हसले न्हाईत.

"परत कर. चढाला वाढायची का?"

"हो."

"आन् पाणी किती टाकतो रोज?"

"तांब्याभर."

"खाली सांडायचं का?"

"न्हाई."

"मग जायचं कुठं, तुझ्या पोटात?"

त्यांनी काडी ओढून पांढऱ्या कागदावर टेकवली. गुलाबी डाग पसरला, कडेनं पाण्याचं कडं. मग रेडिएटरचं झाकण उघडून आतली साय नखानं खरवडली आन् माझ्या नाकापुढं धरली. गिअरचं तेल गार व्हायला रेडिएटरच्या आतून एका नळीतनं फिरतं. बोअरच्या पाण्यानं ती नळी खाल्ली. पाणी तेलात गेलं, तेल पाण्यात. गिअरबॉक्सच्या आतल्या प्लेटांवर चिकटवलेला कागदासारखा थर असतो, तो पाण्यानं सुटला. म्हणून थरथर. आता प्लेटाच उरल्या न्हाईत.

"तेल लाल असलं तर बरं. काळं असलं तर जळालं. गुलाबी दूध दिसलं की गाडी जागेवर बंद करायची, चालवायचीच न्हाई. तवाच आणली असती तर रेडिएटर बदलून, तेल धुऊन भागलं असतं." चाचांनी कागद चुरगळला. "कधीपासून असं हाय हे?"

मी म्हणलं, "आजच बघितलं."

मामा खुर्चीवरून म्हणला, "महिना झाला. ह्यानंच सरबत म्हणून सांगितलं होतं." आवाज चढवला न्हाई. चाचांना माहिती लागत होती, त्यानं दिली. बास.

त्या गाडीचा गिअरबॉक्स कुठंच मिळाला न्हाई. पुण्याला न्हाई, हैदराबादला न्हाई. तसली दुसरी गाडी घ्यायची मामाची ऐपत न्हाई. तिला आमी तिथंच भंगारात दिलं. चौकात पोरं आजबी म्हणतेत, कर ना मामाची गाडी. मी म्हणतो घसा बसलाय.

आता मी रोज सहाला उठतो आन् फटफटी घेऊन दुकानापुढं उभा राहतो. बोलवायच्या आधीच. मामा कुबडी हँडलला अडकवतो, मागं बसतो, गाव सांगतो. तेवढंच बोलतो. आधी खड्डा आला की माझा खांदा धरायचा, शिवी द्यायचा. आता दोन्ही हातांनी मागची कडी धरून बसतो. खड्डा कितीबी मोठा येऊ दे, माझ्या अंगाला हात लावत न्हाई.