दुकानात चालतं, घरात बंद पडतं

माझे बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथून साधा नटबोल्टही बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. निवृत्त झाल्यावर राखायला स्टोअर उरलं नाही, संशय तेवढा शिल्लक राहिला. मग दूधवाला, इस्त्रीवाला, सोसायटीचा सेक्रेटरी असे एकेक जण त्यांच्या तावडीत सापडू लागले. मीही काही कमी नव्हते. ढवळ्याशेजारच्या पवळ्याला गुण लागतो, वाण लागत नाही म्हणतात. मला दोन्ही लागले होते. कोपरखैरण्याच्या आमच्या त्या फ्लॅटमध्ये सगळ्यांवर विश्वास टाकणारी एकटी आई. साहजिकच आम्हा दोघांना जास्त संशय तिचाच यायचा.

बाबांचं मनगटी घड्याळ चावीचं होतं, लग्नात सासऱ्यांनी घातलेलं. नव्वदच्या दशकात सगळ्यांच्या हातात सेलची घड्याळं आली, माझ्याही आली. "सेलवर चालते ती बॅटरी. तिला घड्याळ म्हणू नये," हे बाबांचं मत. त्यांच्या घड्याळाची देवासारखी पूजा चाले. आंघोळ करून, हात कोरडे करून ते टेबलाशी बसत. जुन्या मलमलीच्या तुकड्यानं काच पुसत, पट्ट्याच्या आतला घाम टिपत आणि मग चावी देत. घड्याळ हातात बांधून चावी द्यायची नाही, ती तिरकी ओढली जाते. अडेपर्यंत फिरवायची, अडली की थांबायचं, जोर करायचा नाही. घड्याळ टीव्हीवर ठेवायचं नाही, पावडरच्या हातानं धरायचं नाही. हे सगळं मला बाराखडीच्या आधी पाठ झालं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर घड्याळ भर दुपारी बंद पडायला लागलं. बाबांनी पहिल्यांदा खाडीला धरलं. "खारी हवा. आत गंज चढला असणार." मग आम्ही बोनकोड्याच्या घड्याळवाल्याकडे गेलो. गावातल्या एका नव्या इमारतीखाली त्याचा गाळा होता, आणि इमारत त्याच्याच चुलत्याची होती. घड्याळ उघडं असताना दुकानातून हलायचं नाही, हा बाबांचा नियम. नजर चुकली की असली पार्ट जातो आणि डुप्लिकेट बसतो. ते त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि त्याच्या चिमट्यावर नजर लावली.

"काका, जरा मागं सरा ना. उजेड येत नाय," तो म्हणाला.

बाबा बोटभर सरकले. त्यानं घड्याळ साफ करून तेल घातलं, दोष काही सापडला नाही. "थोडं दिवस ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. बघतो चालतंय का."

बाबांना ते जिवावर आलं. शेवटी घड्याळ रस्त्यावरून दिसेल असं काचेच्या कपाटात टांगायचं, या अटीवर ते उठले. घड्याळवाला रोज दुकान उघडलं की चावी द्यायचा आणि बाबा फिरायला जाताना काचेतून बघायचे. ऑफिसमधून येताना मलाही तिकडून यायचा हुकूम होता. घड्याळ अगदी शहाण्यासारखं चालत होतं. घरी आणलं आणि दुसऱ्याच दुपारी बंद.

"याला काय नाय झालं, काका," घड्याळवाला म्हणाला. "घरात कोनी हात लावतंय काय?"

झालं. बाबांना एवढं पुरे होतं. त्यांनी स्टोअरमधली जुनी युक्ती काढली. रोज संध्याकाळी घड्याळ डबीत ठेवायचं आणि डबीच्या झाकणावर आगपेटीची काडी आडवी ठेवायची. कुणी डबी उघडली तर काडी हलणार. काडी ठेवायचं काम त्यांनी मला दिलं. आईला नाही, मला! मी हुरळून गेले.

काडी कधी हलली नाही, तरी घड्याळ बंद पडतच राहिलं. म्हणजे जे काही होत होतं ते सकाळी, डबी उघडल्यावर. आणि सकाळी आतल्या खोलीत बाबांबरोबर आईच असे. हल्ली ती दार लावून घ्यायची. कशाला, ते विचारलं तर ताकास तूर लागू द्यायची नाही. त्यात ती माझ्या मागे लागली होती, यांना एक सेलचं घड्याळ आण म्हणून. मला वाटलं, चोर सापडला. जुनं घड्याळ बिघडवून नवं गळ्यात मारायचा तिचा बेत आहे, याबद्दल मला शंका उरली नाही.

एका रविवारी दार नीट लागलं नव्हतं. मी फटीतून पाहिलं. आई बाबांच्या शर्टाची बटणं लावत होती, माझी लावायची तशी, खालून वर.

"त्या शिंप्यानं काजं बारीक ठेवलीत," बाबा म्हणाले.

"हो ना, मेला," आई म्हणाली.

मग तिनं घड्याळ त्यांच्यापुढे मलमलीवर ठेवलं. बाबांनी चावी चिमटीत धरली. बोटं निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. चावी जेमतेम हलली असेल, बोटं मात्र टेबलावर टेकल्यावरही हलतच होती. त्यांनी घड्याळ कानाशी नेलं.

"झाली. अडली."

"बरं," म्हणून आईनं पट्टा बांधला.

आगपेटीची काडी त्यांनी मला का ठेवायला लावली, ते तेव्हा मला कळलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आई आल्यावर तिच्यावरच चिडले.

"डॉक्टरला दाखवायचं नाही?"

"दाखवलंय. गोळ्या चालू आहेत. यांना सांगितलंय, ताकदीच्या आहेत."

"मग चावी तू का देत नाहीस?"

"एकदा हात पुढे केला होता. असं बघितलं माझ्याकडे, की पुन्हा नाही केला."

"अगं, पण ते तुझ्यावर संशय घेतायत."

"घेऊ देत. शिंप्यावर घेतला, बरणीच्या झाकणावर घेतला, आता माझ्यावर घेतायत. स्वतःच्या हातावर घ्यायला लागले, की मी काय करू?"

जेवणं झाली आणि घड्याळ बंद पडलं. बाबा ते घेऊन स्वयंपाकघरात आले आणि आईसमोर उभे राहिले.

"आज खरं सांग. हात लावलास तू?"

आईनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "मी लावला, बाबा."

"तू?"

"माझ्या घड्याळाशी काटे जुळवायला गेले. रोजच जाते."

मग बाबा जे सुरू झाले! विश्वासघात, बेजबाबदारपणा, आजकालची पोरं, सेलची घड्याळं, कशालाच सोडलं नाही. आवाज खणखणीत, पाठ ताठ. दिवाळीपासून मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. "कानाला खडा लाव," म्हणाले. मी कान धरला. आई पाठमोरी होऊन भांडी विसळत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेऊन घरीच थांबले. घड्याळ पुन्हा बंद पडलं. बाबा बाहेरच्या खोलीतून आले. या वेळी ओरडले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, स्टोअरच्या दारात माणसाला बघत असतील तसे.

"पुन्हा?"

"हो, बाबा."

मग त्यांनी घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं.

"तुला शिक्षा. उद्यापासून चावी तू द्यायचीस. अडेपर्यंत," ते म्हणाले, आणि उजवा हात पाठीमागे नेला.