इथलं इथेच राहील

"उभी राहा. तुझ्या बाबांनी गावी काय केलं, ते सगळ्यांना सांग."

टीचर असं म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, दुसऱ्या कोणाला म्हणतायत. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

भुसावळला आमच्या चर्चच्या मागे एक हॉल आहे. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, संपली की तिथे आमचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरायचा. मी दहावीत होते. डिसेंबरात आमचं दृढीकरण होणार होतं. बिशप येणार, कपाळाला तेल लावणार, आणि त्या दिवसापासून आम्ही जाणते ख्रिस्ती. म्हणून त्या वर्षी टीचर आम्हाला दहा आज्ञा पुन्हा शिकवत होत्या.

मी उभी राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"बरं, मी सांगते," टीचर म्हणाल्या. "हिचे बाबा दर रविवारी इथे येतात. कम्युनियनची पवित्र भाकर घेतात. आणि गावी गेले की जमिनीवर दारू ओतून मेलेल्यांना हाका मारतात. मुलांनो, पहिली आज्ञा मोडणं म्हणजे हे. एक पाय चर्चमध्ये, एक पाय भुताखेतांत."

कोणीतरी हसलं. एका मुलाने तोंडाने भुताचा आवाज काढला. मग सगळेच हसले. टीचरनी "शांत" म्हटलं, पण त्यांच्याही ओठांवर हसू होतं.

आणि बाबा दारात उभे होते.

वर्ग सुटला की खुर्च्या एकावर एक रचून ठेवायला ते यायचे. कोणी सांगितलं नव्हतं. देवाचं काम म्हणून करायचे. त्या दिवशी ते थोडे लवकर आले. त्यांनी सगळं ऐकलं. चौकटीला धरून उभे राहिले.

वर्ग सुटला. मुलं त्यांच्या अंगावरून बाहेर गेली. बाबा आत आले आणि खुर्च्या रचायला लागले. टीचरनी पर्स उचलली. म्हणाल्या, "जाताना पंखे बंद करा हं."

"हो, टीचर," बाबा म्हणाले.

आम्ही भिल्ल. आमचं गाव साक्री तालुक्यात, पार डोंगराच्या अंगाला. बाबांचा बाप्तिस्मा ते लहान असताना मिशनच्या शाळेत झाला. पुढे ते कामाला भुसावळला आले. रेल्वेच्या यार्डात गाड्यांचे डबे धुतात, कंत्राटावर. चर्चमध्ये मांडव घालायचा असो, टाकी साफ करायची असो, बाबांनाच हाक. वयाने लहान माणसंही त्यांना एकेरी नावाने बोलवायची.

टीचर रेल्वेतल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. त्यांचे आजोबा इथे इंजिन चालवायचे. घरी इंग्रजी. नवरा चर्चच्या कमिटीचा प्रमुख. रायन नावाचा मुलगा बारावीला. तरी टीचर आमच्याशी प्रेमाने बोलायच्या. हे मला लिहायलाच हवं. त्या वाईट बाई असत्या तर मला काही वाटलं नसतं.

त्यांचा वर्ग मला मनापासून आवडायचा. त्या नुसतं पाठ करून घ्यायच्या नाहीत. म्हणायच्या, आज्ञा काय पुस्तकात ठेवायच्या आहेत? तुमच्या शाळेत, तुमच्या मोबाइलमध्ये आज्ञा कुठे आहेत ते शोधा. सातवी आज्ञा, चोरी करू नको. मग पेपरात शेजारणीचं बघून लिहिणं काय आहे? पाचवी, खून करू नको. मग एखाद्या मुलीला जाडी-काळी म्हणून रोज टोचत राहणं काय आहे? आठवी, खोटी साक्ष देऊ नको. टीचर म्हणाल्या होत्या, "खोटं बोलणं एवढंच पाप नाही. कोणाची गोष्ट खरी असली तरी गरज नसताना चारचौघांत उघडी करायची नाही. माणसाची अब्रू घेणं, हीसुद्धा आठवी आज्ञा मोडणं आहे."

मी हे सगळं खरं धरलं. शाळेत आमच्या वर्गातली एक मुलगी बाथरूममध्ये रडत होती, तिचा व्हिडिओ कोणीतरी काढला. सगळ्यांनी पुढे पाठवला. मी नाही पाठवला, उलट ग्रुपवर लिहिलं की हे काढून टाका. मला ग्रुपमधून काढलं. गणिताच्या चाचणीत मैत्रिणीने पेपर माझ्याकडे सरकवला, मी पाहिलं नाही. नापास झाले. ती मैत्रीण पुन्हा बोलली नाही. मला वाईट वाटलं, पण आतून बळही वाटलं. वाटायचं, टीचरना कळलं तर त्या खूश होतील.

त्याच पावसाळ्यात आबा वारले. माझे आजोबा. आम्ही गावी गेलो. आबा ख्रिस्ती नव्हते. दिवसकार्याला काका-चुलते जमले, जुन्या रीतीने सगळं झालं. मोहाच्या दारूचे थेंब जमिनीवर सोडायचे आणि पूर्वजांची नावं घ्यायची, आबांचं नाव शेवटी. थोरले म्हणून बाबांना पुढे केलं. बाबांनी नावं घेतली. आबांच्या नावाशी ते रडायला लागले. बाबांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

परत आल्यावर माझ्या डोक्यातून ते जाईना. पहिली आज्ञा सांगते, माझ्याशिवाय दुसरा देव नको. चौथी सांगते, आईबापांचा मान राख. मग बाबांनी त्यांच्या बापाचा मान राखला की पाप केलं?

टीचर नेहमी म्हणायच्या, अडलं तर माझ्याकडे या. मी त्यांच्या घरी गेले. त्या स्वयंपाकघरात होत्या. मला स्टुलावर बसवलं, सरबत दिलं.

मी म्हटलं, "टीचर, कोणाला सांगणार नाही ना?"

त्यांनी माझा हात हातात घेतला. "बेटा, इथलं इथेच राहील."

मी सगळं सांगितलं. बाबा रडले तेही सांगितलं. शेवटी विचारलं, "मी बाबांना पापी समजू का?"

"मी विचार करून सांगते," टीचर म्हणाल्या. मग माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "तू फार खरी मुलगी आहेस. दृढीकरणाला तुझी धर्ममाता मीच होणार."

दृढीकरण घेताना प्रत्येकामागे कोणीतरी मोठं माणूस उभं राहतं, खांद्यावर उजवा हात ठेवतं. ते आपल्यासाठी देवापुढे हमी देतं. टीचर माझ्यामागे उभ्या राहणार होत्या. डबे धुणाऱ्याच्या मुलीमागे. मी घरी पळतच गेले.

त्यांनी विचार केला आणि उत्तर दिलं ते असं. भर हॉलमध्ये.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. टीचरना कसं कळलं, हे त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. मीच सांगितलं, हे त्यांना कळलं होतं. विचारलं असतं, मारलं असतं, तर बरं वाटलं असतं. आई भांडी घासत होती. ती म्हणाली, "तुम्ही तिथं कशाला पुढं झालात?"

बाबा गावच्या बोलीत म्हणाले, "मना बाप व्हता तो. त्यानं नाव मी नही लिसू त कोन ली?"

बापाचं नाव मुलगा नाही घेणार, तर कोण घेणार? एवढंच. मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मी चुकीच्या घरी विचारायला गेले होते.

चार दिवसांनी फादरनी बाबांना बोलावलं. सणाच्या मिरवणुकीत साक्रामेंतावर, म्हणजे त्या पवित्र भाकरीवर, छत्र धरतात, त्याचा एक दांडा बरीच वर्षं बाबांच्या हातात असायचा. चर्चमध्ये बाबांना मान म्हणून मिळालेली तेवढी एकच गोष्ट. फादर वाईट नाहीत. खाली बघून म्हणाले, "पापनिवेदन करून टाका, माझ्याकडून विषय संपला. पण कमिटीचं म्हणणं आहे, बिशप येणार आहेत, मिरवणूक निघणार, यंदा छत्र दुसरं कोणी धरू दे."

बाबा "बरं फादर" म्हणाले.

त्याच आठवड्यात मृतांचा दिवस आला. आम्ही सगळे कब्रस्तानात गेलो. मेणबत्त्या, झेंडूचे हार. टीचरच्या वडिलांची कबर संगमरवराची आहे. टीचर तिथे गुडघ्यावर बसल्या, दगडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पप्पा, आम्ही आलो बघा. रायनकडे लक्ष ठेवा. त्याला चांगले मार्क पडू देत." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्याने मेणबत्ती विझत होती, म्हणून मी हाताचा आडोसा धरला होता.

हात तसाच धरून मी ते ऐकलं.

त्यांचा बाप मेला, त्या बापाशी बोलल्या. ती भक्ती. माझ्या बाबांचा बाप मेला, ते बापाशी बोलले. ती भुतंखेतं. आज्ञा एकच. बापही बापच. फरक फक्त त्याला हाक कोण मारतंय याचा. हे कुठल्याच वर्गात कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मला कळलं आणि मग दुसरं काही दिसेना.

दृढीकरणाची तालीम झाली. चर्चमध्ये आमची रांग. फादर वेदीपाशी. प्रत्येकामागे त्याचा धर्मपिता, धर्ममाता. टीचर माझ्यामागे आल्या. काहीच झालं नव्हतं अशा. उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

मी म्हटलं, "टीचर, हात काढा."

"का गं? काय झालं?"

"तुम्ही आठवी आज्ञा मोडली. तुम्हीच शिकवली होती."

रांगेतली मुलं वळून बघायला लागली. टीचर हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुझ्या भल्यासाठी केलं. तुमच्या लोकांना कोणीतरी सांगायला नको का?"

तुमच्या लोकांना.

म्हणजे सरबत, गालावरचा हात, धर्ममाता, सगळं त्या दोन शब्दांपर्यंतच होतं. मी मोठ्याने विचारलं, "कब्रस्तानात तुम्ही पप्पांशी बोललात. माझे बाबा त्यांच्या बाबांशी बोलले. तुमची प्रार्थना आणि आमची भुतं, हे कोणत्या आज्ञेत लिहिलंय?"

टीचरनी हात काढला. फादर जवळ आले. "आधी टीचरची माफी माग. मग बाकीचं बोलू."

"कशाची माफी, फादर?"

त्यांनी टीचरकडे पाहिलं. मग म्हणाले, "मोठ्यांशी असं बोलतात का?"

मी रांगेतून बाहेर पडले. कोणी थांबवलं नाही.

त्याहून वाईट दुसऱ्या दिवशी झालं. शाळेतून येताना मी बाबांना टीचरच्या फाटकाशी पाहिलं. हात जोडलेले. पाठ वाकलेली. टीचर ओट्यावर उभ्या. बाबा म्हणत होते, "पोरगी लहान शे टीचर, माफ करा." माझ्यासाठी माफी मागत होते. ज्यांची अब्रू गेली ते, जिने घेतली तिची.

मी त्यांच्याशी भांडले. ते म्हणाले, "तू माफी माग बेटा. आपल्याला इथंच राहायचंय." मी मागितली नाही. बिशप आले, सगळ्यांच्या कपाळाला तेल लागलं. मी बाबा-आईजवळ बाकावर बसून पाहिलं. छत्राचा दांडा दुसऱ्याच्या हातात होता.

आता मी धुळ्याला नर्सिंग शिकते. बिशप यंदा पुन्हा येणार आहेत. परवा फादरचा फोन आला. "टीचरला एक सॉरी म्हण, यंदाच्या यादीत नाव घालतो. इतकी वर्षं झाली. हट्ट सोड." पाठोपाठ बाबांचाही फोन आला. तेही तेच म्हणाले.

मी दोघांनाही सांगितलं. दृढीकरण मला हवं आहे. चर्च माझंही आहे, मी ते सोडणार नाही, घरी आले की दर रविवारी येऊन बसणार. पण माफी मी मागायची नाही. ती टीचरनी मागायची, माझ्या बाबांची, त्याच हॉलमध्ये, तेवढ्याच लोकांपुढे. तोवर माझं कपाळ कोरडं राहिलं तरी चालेल.

बाबा फोनवर म्हणाले, "बापाचं ऐकायचं असतं ना? आज्ञा शे ना ती?"

आज्ञेत ऐक असं नाही लिहिलेलं, बाबा. मान राख असं लिहिलंय. मी तुमचा मान राखतेय. म्हणूनच तुमचं ऐकणार नाही.