मामांनी सोडलेली हवा

आमच्या फिरत्या दवाखान्याची गाडी सव्वीस वर्षं मामांनीच चालवली. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर, नात्यानं कुणाचेच मामा नाहीत. बोलणं मोजकं, चेहरा साळसूद, आणि मनातल्या गोष्टीबद्दल कुणाला ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. असल्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. मनात काय शिजतंय ते कळू नये म्हणून तर माणूस गप्प बसतो!

दोन दिवसांनी ते निवृत्त होणार होते, आणि नवा ड्रायव्हर मिळणार नाही असं ऑफिसनं कळवलं होतं. दवाखान्याची नर्स मी. नदीपलीकडच्या वस्तीपर्यंत मला स्वतः गाडी नेता आली तर तिथला दवाखाना चालू राहणार, नाहीतर वस्ती यादीतून कटाप. डांबरी रस्त्यावर माझा हात बरा होता, पण नदीचं पात्र कधी ओलांडलं नव्हतं. मी गाडी नेण्यास योग्य आहे, अशा कागदावर सही करायची होती ती मामांनी.

"सही करतायत होय!" निघताना कंपाउंडर माझ्या कानाशी लागला. "त्यांना मुदतवाढ हवीये. तुम्ही नापास झालात की मिळालीच." झालं! मनात पाल आधीच चुकचुकत होती, तिला आता चांगलाच कंठ फुटला.

पात्राच्या काठावर मामांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले, चाकाशी बसले, व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि फुस्स! हवा सोडायला लागले. एका नाही, चारही चाकांची.

"अहो, हे काय करताय?"

"हवा कमी करतोय."

"ते दिसतंय मला! पण कशाला?"

"वाळूत कळेल," म्हणाले, आणि काठीनं वाळू चाचपत पुढे चालते झाले.

वाळूत कळेल म्हणे! चाकं बसली की मी रुतणार, रुतले की नापास, आणि हे राहणार आणखी वर्षभर. मी काही दुधखुळी नाही. पार पलीकडे जाऊन ते पाण्याची खोली बघत होते, तेवढ्या वेळात मी पंप काढला, बॅटरीला जोडला आणि चारही चाकं टम्म फुगवली. स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

मामा येऊन शेजारी बसले. मी गाडी वाळूत घातली. तीस पावलंही गेले नसेन, स्टिअरिंग जड झालं. घाबरून मी ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी गरगरली, वाळू काचेपर्यंत उडाली आणि गाडी पोटावर बसली.

"सिस्टर, पाय काढा. दाबाल तितकी खाली जाईल."

उतरून त्यांनी चाकावर अंगठा दाबून पाहिला. मग मागे जाऊन पंपावर हात ठेवला. तो अजून गरम होता.

"हवा भरलीत?"

"छे! मी कशाला भरू?"

मामांनी मागून फावडं काढलं. "मऊ चाक वाळूवर पसरतं. टणक चाक वाळू कापत खाली जातं." मग ते माझ्या हातात दिलं आणि लसींची पेटी खांद्यावर घेतली. बर्फ वितळायच्या आत ती पोचायला हवी होती. पलीकडे बाया पोरं घेऊन खोळंबल्या होत्या. "चाकांपुढची वाळू काढा, हवा सोडा, मग हळू या. मध्ये थांबू नका."

आणि चक्क निघून गेले! आता वस्तीभर माझी शोभा करणार, दुसरं काय? मी त्यांच्या नावानं बोटं मोडत वाळू उपसली. हवा सोडली. पहिला गिअर टाकला, जीव मुठीत धरला, आणि गाडी अलगद वर आली. बसक्या चाकांवर ती वाळू तुडवत, पाणी कापत निघाली. अर्ध्या पात्रात मला स्वतःची इतकी शरम वाटली की कान तापले.

वस्तीत कुणी हसलं नाही. "सिस्टर गाडी घेऊन मागून येतायत," एवढंच मामांनी सांगितलं होतं. सगळ्या लसी टोचून झाल्यावर मी त्यांच्यासमोर कागद धरला.

"मामा, हवा मीच भरली होती. खोटं बोलले."

"माहीत आहे." त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. "सही नाही करता येणार."

"पण गाडी आणली ना मी?"

"छान आणलीत. रुतलात त्याचंही काही नाही, पहिल्या खेपेला मी तीनदा रुतलो होतो. पण गाडीला काय केलं ते विचारल्यावर जो खरं सांगत नाही, त्याच्या हाती पेशंट कसे देऊ? आणखी चार खेपा करू. मग बघू."

"अहो, पण तुमचे दोनच दिवस उरलेत!"

"म्हणून तर अर्ज लिहा. पंधरा दिवसांची मुदतवाढ." मग फोन काढून ते जरा बाजूला गेले. लेकीशी बोलत होते. "बाळा, तुझ्या बाळंतपणाला पोचत नाही गं मी. नाही नाही, तब्येत ठणठणीत आहे. काम निघालंय."

बॉनेटवर कागद ठेवून मी अर्ज लिहिला. कारण म्हणून लिहिलं, 'नर्सची चूक.' मामांनी ते खोडलं, वर 'प्रशिक्षण अपुरे' असं लिहिलं आणि खाली सही केली.