बांधलेली बोटं

माझ्या लेकीची बोटं मी रोज पेन्सिलीला बांधत असे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लिहिता लिहिता मी हळूच चांगली आई होऊन बसेन.

आमचं घर विणकरांचं. सासऱ्यांचा माग अजून चालतो. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपला की जुन्या धाग्याच्या टोकाला नव्याचं टोक सांधायचं, बोटांना राख लावून दोन्ही टोकं पिळायची. असे शेकडो धागे. लेक पाच वर्षांची, ऑटिझम असलेली, बोलणं जवळजवळ नाहीच. पण सासऱ्यांच्या मांडीशी बसून ती धागे पिळायची. दहातले चार टिकायचेही. मला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. मला ‘अ’ हवा होता, कारण जावेची पोर तिच्याच वयाची आणि पाटीभर लिहायची.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात मुलांच्या हातांचे व्यायाम घेणारी बाई म्हणाली, “लिहायची घाई करू नका. आधी बोटांत बळ येऊ द्या. कणीक मळू द्या. धागे पिळते ना, ते तर फारच छान.” धागे! एसटीचे धक्के खात मी हे ऐकायला गेले होते. घरी आल्या आल्या मी लेकीचं मागाजवळ जाणं बंद केलं.

पेन्सिल तिच्या हातातून गळायची. आमच्या घरात एकच अक्कल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: ढिला धागा ताणला की सरळ होतो. मी टसरचा दुहेरी धागा घेतला, तिची तीन बोटं आणि पेन्सिल एकत्र आवळली आणि हात धरून गिरवून घेतलं. ती किंचाळायची. एकदा माझ्या मनगटाला कडकडून चावली. मी थोबाडीत दिली आणि गाठ आणखी घट्ट केली. बोटांवर लाल वळ उठायचे. जेवताना ती घास मुठीने तोंडात कोंबायची.

सासरे मागावरून म्हणाले, “काहून बांधून राहिली पोरीचे बोटं? हात हाये तो, माग नोहे.”

“तुमचं काय जाते, मामाजी? तिले लिहिता नाही आलं तं लोक मले हसतात.”

दिवाळीच्या सुमारास वहीत ‘अ’ उमटला. तो माझाच होता, तिच्या हाताने काढलेला. तरी मी तो जावेला दाखवून आले. मग ऐटीत गाठ सोडली आणि म्हटलं, आता काढ. पेन्सिल खाली पडली. लेक तिच्याकडे बघतही नव्हती.

संतापाने मी तिला दंडाला धरून मागाजवळ नेऊन बसवलं. घ्या तुमची नात. सासऱ्यांना केवढा आनंद झाला. त्यांनी राखेची वाटी पुढे सरकवली, दोन धाग्यांची टोकं तिच्यासमोर धरली.

तिने ती घेतली नाहीत. तीन बोटं जुळवून हात त्यांच्यापुढे केला आणि ते बांधतील म्हणून वाट बघत बसली.